नोकरी सांभाळून इंग्रजीची परीक्षा : आधी माप, मग आरा

नागपूरच्या लकडगंज, वर्धमाननगर, छापरूनगर या भागांतल्या वाचकांकडून एक प्रश्न सारखा येतो. विचारणारे निरनिराळे असतात. कुणी लाकूडपेठेत हिशेब पाहणारा वाणिज्य पदवीधर, कुणी बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीने काम करणारा अभियंता, कुणी खासगी रुग्णालयातली परिचारिका, कुणी मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणारी तरुणी. बाहेरदेशी शिकायला किंवा कामाला जायचे आहे, नोकरी सोडणे परवडत नाही. मग क्लास लावायचा का, किती महिने लागतील, आणि आयईएलटीएस द्यायची की पीटीई?

यातले बहुतेक जण आधी क्लासची फी भरतात, मग परीक्षेची तारीख घेतात आणि आपल्याला नेमके किती गुण हवे होते ते सगळ्यात शेवटी पाहतात. लाकडाच्या टालीवर असे कुणी करत नाही. तिथे आधी टेप लागतो, खूण होते, मगच लाकूड आऱ्यावर चढते. तुमच्याकडे वेळ मोजका आहे, त्यामुळे तुम्हीही हाच क्रम पाळा.

१. परीक्षा लागतेच का, आणि कोणती?

ज्या विद्यापीठात, ज्या देशात किंवा ज्या व्यावसायिक परिषदेकडे अर्ज करणार आहात, तिच्या संकेतस्थळावरची अट स्वतः वाचा. मित्राला किंवा शेजारच्या मुलाला काय लागले होते, त्यावर विसंबू नका. काही विद्यापीठे ‘पदवीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले’ असे महाविद्यालयाचे पत्र स्वीकारतात आणि परीक्षेची अट सोडतात. तसे असेल तर तुमचे हजारो रुपये आणि तीन महिने वाचतील. मात्र प्रवेशाला चाललेले पत्र व्हिसाला चालेलच असे नाही. दोन्ही अटी वेगवेगळ्या तपासा.

परीक्षा लागत असेल, तर पर्याय साधारण असे:

- आयईएलटीएस अकॅडेमिक : विद्यापीठ प्रवेशासाठी आणि काही व्यावसायिक नोंदण्यांसाठी.
- आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग : मुख्यतः कामासाठी किंवा कायम वास्तव्यासाठी. ऐकणे आणि बोलणे दोन्ही प्रकारांत सारखेच असते. वाचन आणि लेखन वेगळे असते. नोंदणी करताना चुकीचा प्रकार निवडला, तर चांगले गुण मिळूनही उपयोग नाही.
- आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय : ब्रिटनच्या काही व्हिसांसाठी आयईएलटीएस द्यायची तर हीच लागते. प्रश्न तेच असतात, पण नोंदणी आणि प्रमाणपत्र वेगळे असते.
- पीटीई : सगळी परीक्षा संगणकावर, बोलायचेही यंत्राशीच. गुण १० ते ९० आणि निकाल सहसा दोन दिवसांत. विद्यापीठासाठी ‘अकॅडेमिक’ घ्यावी लागते, कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी ‘कोअर’.
- टोफेल आयबीटी : जानेवारी २०२६ पासून हिचे स्वरूप बदलले आहे आणि गुण १ ते ६ या मापावर दिले जातात. त्याआधीची पुस्तके सीताबर्डीवर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.
- ओईटी : डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माते यांच्यासाठी. उतारे आणि संवाद दवाखान्यातले असतात, त्यामुळे अनुभवी परिचारिकेला ही परीक्षा अनेकदा जवळची वाटते.
- ड्युओलिंगो : घरून देता येते आणि स्वस्त आहे. अनेक विद्यापीठांना चालते, पण ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठीचा इंग्रजीचा पुरावा म्हणून तिच्यावर अवलंबून राहू नका.

‘सोपी कोणती?’ असे विचारण्यापेक्षा ‘माझ्या कामाला चालते कोणती?’ असे विचारा. दोन चालत असतील, तर दोघींचा एकेक मोफत नमुना सोडवून पाहा. माणसासमोर बुजणाऱ्याला पीटीई सोयीची पडते. शेजारी दहा जण एकाच वेळी माइकवर बोलत असताना ज्याचे लक्ष उडते, त्याला ती जड जाते.

२. हवे ते गुण कागदावर लिहा

आयईएलटीएसचे गुण ० ते ९ असतात, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. चार भागांची सरासरी काढून एकूण गुण ठरतो. सरासरीत पाव आला तर पुढचा अर्धा, पाऊण आला तर पुढचा पूर्ण गुण मिळतो. समजा तुम्हाला ऐकण्यात ७.५, वाचनात ७, लेखनात ६ आणि बोलण्यात ६.५ मिळाले. सरासरी ६.७५, म्हणजे एकूण ७. घरात पेढे वाटले जातील. पण विद्यापीठाची अट ‘एकूण ७ आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको’ अशी असेल, तर लेखनाच्या ६ मुळे तुमचा अर्ज तिथेच अडेल. म्हणून एकच आकडा न लिहिता पाच आकडे लिहा : एकूण एक आणि भागांचे चार.

दोन उदाहरणे पाहा. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला वाचन, ऐकणे आणि बोलणे यांत ७, पण लेखनात ६.५ चालतात, ओईटी दिली तर पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्रीत ज्याला ‘सीएलबी ९’ म्हणतात, त्यासाठी जनरल ट्रेनिंगच्या वाचन, लेखन आणि बोलण्यात ७ पुरतात, ऐकण्यात मात्र ८ लागतात. हे आधी ठाऊक असेल, तर ऐकण्याच्या सरावाला जास्त वेळ द्यायचा हे पहिल्याच दिवशी ठरते.

३. आज तुम्ही कुठे आहात?

एका रविवारी सकाळी फोन बंद करून घड्याळ लावा आणि पूर्ण नमुना प्रश्नपत्रिका सोडवा. केंब्रिजच्या सराव पुस्तकांतली किंवा परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावरची मोफत प्रश्नपत्रिका घ्या. ऐकणे सुमारे ३० मिनिटे, वाचन ६० मिनिटे, लेखन ६० मिनिटे.

ऐकणे आणि वाचन यांत प्रत्येकी ४० प्रश्न असतात. बरोबर उत्तरे मोजून तुमचा अंदाजे गुण असा काढा:

- ऐकणे किंवा अकॅडेमिक वाचन : २३ बरोबर आली तर ६ च्या आसपास, ३० ला ७, ३५ ला ८.
- जनरल ट्रेनिंग वाचन : ३० ला ६, ३४ ला ७. उतारे सोपे असल्यामुळे मोजणी कडक असते.

लेखन स्वतः तपासता येत नाही. ते इंग्रजी चांगली असलेल्या एखाद्या शिक्षकाला दाखवा. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दोन दिवसांनी ऐका. आपल्याच आवाजातले अडखळणे तेव्हा आपल्याला कळते.

आता अंतर पाहा. अर्ध्या गुणाचे अंतर असेल तर बारा आठवडे साधारण पुरतात. दीड-दोन गुणांचे असेल तर परीक्षेची तारीख घेऊ नका. आधी सहा महिने साधे इंग्रजी वाचन आणि लेखन करा, मग परीक्षेच्या तयारीकडे वळा. प्रश्न सोडवण्याच्या युक्त्यांनी भाषा येत नाही.

४. पासपोर्ट आधी, तारीख नंतर

भारतात आयईएलटीएसला मूळ पासपोर्ट लागतो, आणि ज्या पासपोर्टवर नोंदणी केली तोच परीक्षेच्या दिवशी न्यावा लागतो. म्हणून:

- मुदत तपासा. संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे. तत्काळला २,००० रुपये जास्त लागतात.
- नाव तपासा. आपल्याकडे कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे आडनाव आधी, लग्नानंतर काही कागदांवर नवे आडनाव आणि काहींवर जुने असते. नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा.
- नोंदणीत स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक द्या. एजंटाचा ईमेल दिला तर निकाल आधी त्याच्या हातात जातो आणि पुढे तुम्ही त्याच्यावर अवलंबून राहता.

निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. त्यामुळे फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही. पण अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या निदान तीन महिने आधी द्या, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहील.

तारीख निवडताना आपल्या कामाचे कॅलेंडर समोर ठेवा. हिशेबाच्या नोकरीत मार्चअखेर टाळा. घरात लग्न असेल तर तो महिना टाळा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या महिन्यात तयारी चालू असेल तर दुपारच्या अभ्यासाचा विचार सोडा आणि पहाट धरा.

५. वेळ कुठून काढायचा?

आठवड्याला नऊ तास पुरतात, पण ते तुकड्यांनी काढावे लागतात.

- सकाळी ४५ मिनिटे, आठवड्यातले पाच दिवस : लेखन किंवा वाचन. लकडगंजात आरे आणि मालमोटारींची घरघर सुरू होण्याआधीची ही शांत वेळ आहे. डोक्याला ताण देणारे काम रात्री ठेवू नका.
- जाण्या-येण्यातली ३० मिनिटे : ऐकणे. आंबेडकर चौक किंवा टेलिफोन एक्स्चेंज स्थानकावरून हिंगण्याकडे जाणाऱ्यांना मेट्रोची ॲक्वा लाइन थेट लोकमान्यनगरला नेते. मिहानला जाणाऱ्यांना सीताबर्डीला गाडी बदलावी लागते. बीबीसीच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’चा एक भाग काही स्थानकांत संपतो. एकच भाग जाताना आणि येताना ऐका. दुचाकीवर असाल तर कानात हेडफोन घालू नका. हा वेळ घरी काढा.
- रविवारी पावणेतीन तास : एका रविवारी पूर्ण प्रश्नपत्रिका, पुढच्या रविवारी तिच्यातल्या चुकांची चिरफाड.

पाळीने काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरू नये. ‘उठल्यानंतरचा पहिला पाऊण तास’ असा नियम ठेवला, तर पाळी बदलली तरी तो मोडत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त ऐकणे ठेवा. त्या आठवड्यात मागे पडलात म्हणून मनाला लावून घेऊ नका.

बारा आठवड्यांची आखणी

- पहिले ते तिसरे : परीक्षेचे स्वरूप समजून घेणे आणि व्याकरणातल्या नेहमीच्या चुका शोधणे. घड्याळ न लावता सराव.
- चौथे ते आठवे : सर्वांत कच्च्या भागाला अर्धा वेळ. आठवड्याला दोन निबंध, त्यातला एक तपासून घेतलेला.
- नववे ते अकरावे : सगळे घड्याळ लावून. संगणकावर परीक्षा असेल तर टंकलेखनाचा सराव. फोनवर भराभर टाइप करणाऱ्यांची बोटे कीबोर्डवर अडतात.
- बारावा : नवीन काही नको. झोप, जुन्या चुकांची वही आणि केंद्रावर एकदा जाऊन येणे.

६. नोकरी हीच तुमची तयारी

नोकरदाराला वाटते, आपण कॉलेजच्या मुलांच्या मागे आहोत. लेखन आणि बोलण्यात हे खरे नाही. जनरल ट्रेनिंगच्या पहिल्या लेखनप्रश्नात १५० शब्दांचे पत्र असते. पुरवठादाराला उशिराच्या मालाबद्दल किंवा ग्राहकाला थकबाकीबद्दल तुम्ही लिहिता, त्याच जातीचे. अकॅडेमिकमध्ये आलेख किंवा तक्ता असतो, आणि महिन्याचा अहवाल करणाऱ्याला तो नवा नाही. दुसऱ्या प्रश्नात २५० शब्दांचा निबंध असतो आणि त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन आहे. म्हणून ६० पैकी ४० मिनिटे त्याची.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. मधल्या भागात विषयाची चिठ्ठी मिळते, विचाराला एक मिनिट आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचे. ‘गजबजलेल्या जागेचे वर्णन करा’ असा विषय आला तर लंडनचे पाठ केलेले वर्णन सांगू नका. परीक्षकाला पाठांतर लगेच कळते आणि गुण जातात. लाकूडपेठेतली सकाळ, उतरणारा सागवान, हमालांची लगबग, ताज्या भुशाचा वास हे सांगा. स्वतः पाहिलेल्या गोष्टींना शब्द लवकर सुचतात.

७. मराठी माणसाच्या ठरलेल्या चुका

- काळ : ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ याचे थेट भाषांतर ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे होते. बरोबर वाक्य ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’.
- ‘अ’ आणि ‘द’ : मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून आपण ती गाळतो किंवा जागोजागी पेरतो. निबंध लिहून झाला की एक फेरी फक्त यांच्यासाठी मारा.
- ‘ना’ची सवय : बोलताना दर वाक्याला ‘इझन्ट इट’ किंवा ‘नो?’ जोडू नका.
- अक्षरे आणि आकडे : ऐकण्याच्या पहिल्या भागात नाव-पत्ता सांगतात. ‘ए’ आणि ‘ई’, ‘जी’ आणि ‘जे’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत गल्लत होते. स्पेलिंग चुकले की उत्तर चूक.
- उच्चार : परदेशी हेल आणायची गरज नाही, गुण स्पष्टपणाला आहेत. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात, एवढे पाळले तरी फरक पडतो.
- रिकामी जागा : चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

८. क्लास लावावा का?

ऐकणे आणि वाचन घरी तयार होते. लेखन तपासायला आणि बोलायला मात्र दुसरे माणूस लागते. तेव्हा पूर्ण क्लासऐवजी फक्त लेखन-तपासणी आणि बोलण्याचा सराव वेगळा मिळतो का, ते विचारा. पूर्ण क्लास लावायचाच असेल तर आधी हे विचारा:

- तुकडीत किती जण आहेत? आठवड्याला माझे किती निबंध तपासले जातील?
- उशिरापर्यंत काम लागले आणि तास बुडाला, तर भरून मिळतो का?
- मध्येच सोडल्यास किती पैसे परत? हे लेखी द्याल का?
- ‘७ गुणांची हमी’ म्हणजे नेमके काय?

एका हप्त्याने सुरुवात करा, वर्षभराची फी एकदम भरू नका. पावती घ्या. मूळ पासपोर्ट किंवा मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका. ‘पेपर आधी मिळेल’, ‘परीक्षा न देता प्रमाणपत्र देतो’ असे सांगणाऱ्याचा क्रमांक तिथेच ब्लॉक करा. संस्था निकाल परीक्षा मंडळाकडून ऑनलाइन पडताळून घेतात, आणि कॅनडासारखा देश खोट्या कागदासाठी पाच वर्षे प्रवेश नाकारतो.

९. तुमचे हक्क

- रजा : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्या ठिकाणी लागू आहे, तिथे कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आणि आठवड्याला एक सुटी मिळते. कारखान्यांचे नियम वेगळे आहेत. बोलण्याची परीक्षा कधी त्याच दिवशी, कधी आगेमागे असते. तिची वेळ पाहूनच रजेचा अर्ज द्या, नाहीतर दोन रजा लागतील. परदेशी जाणार हे ऑफिसात सांगण्याचे बंधन नाही. ‘परीक्षा’ एवढे कारण पुरते.
- फेरतपासणी : आयईएलटीएसच्या निकालावर शंका असेल तर परीक्षेपासून सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते. गुण बदलले तर तिची फी परत मिळते. अर्ध्या गुणाने लेखन किंवा बोलणे अडले असेल, तेव्हाच मागा.
- एकाच भागाची फेरपरीक्षा : संगणकावर परीक्षा दिली असेल तर साठ दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो. पण असा निकाल सगळीकडे चालत नाही. पैसे भरण्याआधी जिथे अर्ज करणार तिथे विचारा.
- अपंगत्व किंवा आजार : जास्त वेळ, मोठी अक्षरे अशा सोयी मिळतात. नोंदणीच्या वेळीच कागदपत्रांसह मागा.
- क्लासने फसवल्यास : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती करता येते, ऑनलाइनही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. जाहिरातीचा फोटो, पावती आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा. मोठ्या कोचिंग संस्थांनी यशाची खोटी हमी देण्यावर नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे.

१०. पहिल्या वेळी जमले नाही तर

आयईएलटीएसची फी अलीकडे सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. अनेकांचा तो अर्धा पगार. म्हणून गुण कमी आले की लगेच दुसरी तारीख घेऊ नका. निकालातले चार आकडे तुमच्या कागदावरच्या चार आकड्यांशेजारी लिहा. एकाच भागात अर्धा गुण कमी असेल तर महिनाभर तोच भाग घ्या. तीन भाग कमी असतील तर आधीचे मोजमापच चुकले होते. पुन्हा तिसऱ्या पायरीपासून सुरू करा.

आज रात्री एवढेच करा : ज्या जागेचा अर्ज करणार, तिचे पान उघडा आणि पाच आकडे एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. क्लासची चौकशी त्यानंतर करा.